कॅलगरीच्या हिवाळ्यात गाडीची हवा: ऑक्टोबर ते एप्रिलच्या नोंदी

नुकतेच इकडे आलेले बरेच मराठी लोक पहिल्या हिवाळ्यात हाच प्रश्न विचारतात: टायरची हवा सारखी का उतरते, आणि किती ठेवायची? २०२३-२४ च्या हिवाळ्यात मी प्रत्येक रीडिंग वहीत लिहून ठेवलं. त्या वहीतलं कामाचं तेवढं इथे उतरवतो आहे.

गाड्या दोन. माझी छोटी सेडान रात्रंदिवस उघड्यावर असते. बायकोची गाडी रात्री गॅरेजात असते. तिथे लहान विजेचा हीटर आहे आणि तापमान साधारण अधिक १० राहतं. माझ्या गाडीच्या दारातल्या स्टिकरवर २३० किलोपास्कल म्हणजे ३३ पीएसआय लिहिलंय, तिच्या गाडीच्या ३५. खालचे सगळे आकडे पीएसआयमध्ये आहेत, आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, निघण्याआधी घेतलेले आहेत. गाडी चालली की टायर तापतो आणि तीन-चार पीएसआय सहज वाढतात. ते रीडिंग कामाचं नाही.

२१ ऑक्टोबर २०२३, शनिवार

हिवाळी टायर चढवले. रिमसकट जुना संच ४५० डॉलरला मिळाला होता. रबर चांगलं आहे, बाजूवर हिवाळी टायरची डोंगर आणि हिमकणाची खूण आहे. रिम अलॉयचे, दोन-तीन हिवाळ्यांचं मीठ खाल्लेले. या संचात प्रेशरचे सेन्सर नाहीत, त्यामुळे डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आता एप्रिलपर्यंत जळत राहणार. कॅनडात सेन्सरची सक्ती नाही, त्यामुळे असे संच सर्रास विकले जातात. चार सेन्सर आणि ते बसवायची मजुरी धरली तर संचाच्या किमतीच्या जवळपास जात होती. तो खर्च टाळला. मग मोजायचं काम गेजवर आणि माझ्यावर.

काम गॅरेजात केलं, आत १५ अंश. चारही चाकांत ३३ भरली. नट टॉर्क रेंचने आवळले. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा आवळायचे आहेत.

२५ ऑक्टोबर

पहिला खरा बर्फ. सकाळी उणे १३.

पुढचं डावं २८½, पुढचं उजवं २८½, मागचं उजवं २८½, मागचं डावं २७½.

चार दिवसांपूर्वी ३३ होती. पंक्चर एकही नाही. तापमान २८ अंशांनी उतरलं आणि हवा साडेचार पीएसआयने बसली. ढोबळ हिशेब: दर सहा अंशांना एक पीएसआय. हा हिशेब पाठ करून ठेवा, पुढे सगळीकडे लागतो.

दिव्याच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दिवा लागतो तो स्टिकरच्या आकड्यापेक्षा साधारण २५ टक्के हवा कमी झाल्यावर. म्हणजे ३३ च्या गाडीत २५ च्या आसपास. आज २८½ वर सेन्सर असते तरी दिवा लागला नसता, आणि मी साडेचार पीएसआय कमी हवेवर बर्फात गेलो असतो. टायर दबलेला, कडा जास्त घासणार, ओल्या बर्फाच्या चिखलात पकड सुटणार. ‘बर्फात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते’ असं इथे पुष्कळ जण सांगतात. वाळूत रुतलेली गाडी काढताना ते ठीक आहे. रस्त्यावर रोज चालवायला स्टिकरचा आकडाच पाहिजे.

मागचं डावं एकाने कमी आहे. त्याच्याकडे लक्ष ठेवायचं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

जवळच्या पेट्रोल पंपावर हवा भरायला गेलो. यंत्रात दोन डॉलर टाकले, पाइप ताठ झालेला आणि तोंडाशी बर्फ. हवा आली नाही, पैसेही परत आले नाहीत. दुसऱ्या पंपावर ‘बंद आहे’ची चिठ्ठी. तिसऱ्या ठिकाणी रांग. सकाळ तिथेच गेली.

परत येताना १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घेतला (६० डॉलर) आणि काट्याचा गेज (२० डॉलर). हे ८० डॉलर पहिल्याच हिवाळ्यात खर्च करा. निपचित पडलेल्या पंपांच्या फेऱ्यांत जाणारा वेळ धरला तर हेच स्वस्त पडतं.

घरी आल्यावर टायर निवू दिले. तीन तासांनी उणे ९ मध्ये चारही चाकांत ३३ भरली. बाहेर चालणाऱ्या गाडीची हवा बाहेरच भरली.

४ नोव्हेंबर

अधिक ४. रीडिंग ३५, ३५, ३५½. मागचं डावं ३४.

गाडीत रात्रभर राहिलेल्या डिजिटल गेजने त्याच चाकांना ३३ दाखवले. आकडे उमटायलाही वेळ घेत होता. घरात तासभर ठेवून पुन्हा लावला तेव्हा काट्याच्या गेजशी जुळला. थंडीत त्याची बॅटरी मान टाकते. आता एकच गेज, काट्याचा, आणि तो स्वयंपाकघराच्या खणात. दोन गेज आलटून पालटून वापरले तर वहीतले आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

बाकी तिघांत स्टिकरपेक्षा दोन जास्त आहेत. सोडल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात थंडी येणारच आहे.

१८ नोव्हेंबर

अधिक १. रीडिंग ३४, ३४, ३४½. मागचं डावं ३१.

या रीडिंगवर मी वहीत लाल रेघ मारली. थंडी चारही चाकांतून सारखीच हवा घेते. ज्या दिवशी तीन चाकं एका रांगेत आणि एक मागे पडलेलं दिसतं, त्या दिवशी दोष थंडीचा नसतो. सुटे आकडे पाहिले असते तर ३१ पाहून ‘चालायचंच, थंडी आहे’ म्हटलं असतं. तारीख, तापमान आणि चारही चाकं एका ओळीत लिहिली की लपलेली गळती वर येते. तीन आठवड्यांत बाकीच्यांपेक्षा तीन पीएसआय जास्त गेलेत, म्हणजे आठवड्याला एक.

दुपारी कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने ऐकून घेतलं, म्हणाला थंडीत सगळ्यांचीच उतरते, आणि गरम टायरांत चारही चाकांना ३८ मारून दिली. मी वही दाखवली. त्याने पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती हवा पुन्हा ३३ वर आणली.

२५ नोव्हेंबर

गळती शोधायची. उणे ११ मध्ये अंगणात साबणाचं पाणी फवारलं. फेस व्हायच्या आत रबरावर बर्फाची साय धरली. बुडबुडा दिसायचा प्रश्नच नव्हता.

बायकोची गाडी बाहेर काढून माझी आत घेतली, तासभर हीटर लावला. चाक काढून आडवं ठेवलं. आधी व्हॉल्व्ह. त्यावर आधीच्या मालकाची चकचकीत ॲल्युमिनियमची टोपी. आतला व्हॉल्व्ह पितळेचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये रस्त्यावरचं मीठ, त्यामुळे टोपी जागेवर चिकटून बसलेली. पकडीने फिरवायला गेलो तर टोपीबरोबर व्हॉल्व्हचं रबरी नळकांडंच पिळू लागलं. थांबलो. बारीक करवतीने टोपीला उभी चीर दिली आणि स्क्रूड्रायव्हरने उकलली. एवढ्याला पाऊण तास. बाकी तीन टोप्या फडक्याने धरून सुटल्या. चारही ठिकाणी आता साध्या काळ्या प्लास्टिकच्या टोप्या आहेत, चारांना मिळून तीन डॉलर. टोपी मात्र पाहिजेच. ती नसली तर व्हॉल्व्हमध्ये पाणी शिरतं आणि पुढे काय होतं ते जानेवारीच्या नोंदीत आहे.

व्हॉल्व्हवर साबण: काही नाही. नक्षीवर सगळीकडे: खिळा नाही, बुडबुडा नाही. चाक उलटं केलं आणि आतल्या बाजूने, जिथे टायरची कड रिमवर बसते तिथे, फवारलं. पाच मिनिटं काही हललं नाही. मग वीतभर लांबीत, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची पांढरी ओळ सावकाश वर आली. बोटाने पुसली, पुन्हा आली. रिमच्या त्या भागात रंग फुगलेला आणि खाली पांढरी भुकटी. मिठाने अलॉय खाल्लं आहे, आणि थंडीत आखडलेलं रबर त्या खडबडीत जागेवर नीट बसत नाही.

२ डिसेंबर

दुसरं दुकान. त्यांनी टायर उतरवला, रिमची कड तारेच्या ब्रशने घासून गुळगुळीत केली, सीलर लावला, व्हॉल्व्हही नवा बसवला (पिळवटलेला जुना मीच बदलायला सांगितला), चाक बॅलन्स करून दिलं. ४५ डॉलर, अर्धा दिवस. हे काम घरी करायच्या फंदात पडू नका. टायर उतरवायचं यंत्र लागतं.

नुसती हवा भरत राहिलो असतो तर काय बिघडलं असतं, असं मित्राने विचारलं. आठवड्याला एक म्हणजे एरवी निभावलं असतं. पण दोन आठवडे भारतात जाऊन आलो असतो आणि मध्ये उणे ३० ची लाट आली असती, तर परतल्यावर तेच चाक पंचविसाच्या आसपास मिळालं असतं, विमानतळाच्या पार्किंगमध्ये, रात्री.

१६ डिसेंबर

यंदा डिसेंबर उबदार आहे. अधिक ६ ला रीडिंग ३६, ३६, ३६, ३६. मागचं डावं रांगेत आलं.

आता चिनूकबद्दल. रॉकी पर्वतावरून उतरणारा हा कोरडा गरम वारा काही तासांत वीस-वीस अंश चढवतो, आणि थांबला की तापमान तेवढंच खाली पडतं. त्यामुळे टोरांटोला चालणारा ‘महिन्यातून एकदा तपासा’ हा सल्ला इथे पुरत नाही. मी ठरवलेलं असं: चिनूकच्या एक-दोन दिवसांत तीन पीएसआयपर्यंत जास्त दिसली तर हात लावायचा नाही. सोडली तर परवा पहाटे थंडीत तेवढीच कमी पडणार. ऊब आठवडाभर टिकणार असेल तरच सोडायची, तीही सकाळी, गार टायरमधून. प्रवासातून येऊन तापलेल्या टायरमधून हवा सोडणं हे सर्वांत वाईट.

आज संध्याकाळी निफाडहून बाबांचा फोन होता. म्हणाले, “अरे, नायट्रोजन मारून घे ना. इथे पंपावरचा पोरगा सांगतो, थंडीत उतरत नाही.” मी म्हटलं, “बाबा, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. थंडीत दोन्ही सारखेच आकसतात.” नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून किंचित सावकाश झिरपतो, एवढा फायदा खरा. फुकट मिळाला तर घ्यावा. तुम्ही हवा कधी भरता, असं विचारलं. “दुपारी, बाजारातून येताना.” निफाडला या दिवसांत पहाटे सात-आठ अंश आणि दुपारी २८, म्हणजे पहाटे तीन-साडेतीन पीएसआय कमी, वर बाजारातून येताना टायर तापलेला. द्राक्षाला थंडीचा फटका बसू नये म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या माणसाला तापमानाचं वेगळं सांगावं लागलं नाही. म्हणाले, “मग सकाळीच घरच्या पंपाने बघतो.”

६ जानेवारी २०२४

उणे ४. चारही ३३ केल्या. पुढच्या आठवड्यात मोठी लाट येतेय.

११ जानेवारी

बायकोच्या गाडीचा दिवा. सकाळी गॅरेजातून निघताना काही नाही. दिवसभर ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये उणे ३२ ला उभी राहिली, आणि संध्याकाळी हायवेवर दिवा लागला. तिने फोन केला, पुढच्या पंपावर थांबली, चाकं पाहिली, बसलेलं एकही नव्हतं. सावकाश घरी आली.

तिची हवा मी शनिवारी गॅरेजातच मोजली होती: अधिक १० ला ३३. स्टिकर ३५ चा. दोनच कमी म्हणून ‘उद्या भरू’ म्हटलं आणि राहून गेलं. त्याच ३३ च्या उणे ३२ मध्ये २६ होतात. गॅरेजात मोजलेला आकडा गॅरेजापुरताच खरा. ही चूक अगदी सोपी आहे, कारण गरम जागी बसून हवा भरणं सुखाचं असतं.

तिच्या गाडीत आत ३९ भरली. बाहेर उणे ३० ला त्याच्या साधारण ३२ होतील. स्टिकरची ३५ गाठायला आत ४३ लागली असती. टायरच्या बाजूवर कमाल ४४ लिहिलंय, त्याला इतकं खेटून जायचं नव्हतं.

१२ जानेवारी

पहाटे उणे ३४. माझी गाडी: २८, २८, २८, २८. सहा दिवसांपूर्वी ३३. चारही सारख्या, म्हणजे दुरुस्ती धरून आहे.

कॉम्प्रेसरची वायर काठीसारखी ताठ. मोटर कण्हत चालू झाली. पुढच्या उजव्या चाकाला नळी लावली, भरली, काढली, आणि व्हॉल्व्हमधून सूं आवाज थांबेचना. आत ओल होती, ती गोठली आणि व्हॉल्व्हची पिन उघडी अडकली. नळी परत लावली, म्हणजे निदान भरत राहील, आणि बायकोला हेअर ड्रायर आणायला सांगितलं. लांब वायर लावून दोन-तीन मिनिटं गरम हवा मारली तेव्हा पिन बसली. नंतर गाडी आत घेऊन ती पिन बदलली (दोन डॉलर, काढायची किल्लीही तेवढ्यालाच).

यावरून माझा नियम: उणे २५ च्या खाली बाहेर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, अगदी गरज असेल तर सोडून. लाट येण्याच्या आदल्या दिवशी दोन पीएसआय जास्त भरून ठेवायची.

चारही ३२ वर ठेवल्या. ऑफिसला जाताना पहिले काही किलोमीटर गाडी धडधडत होती. रात्रभर उभं राहून टायरचा खालचा भाग सपाट होतो, तापला की गोल होतो. ते पंक्चर समजून मध्येच उतरू नका.

१३ जानेवारी

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: अल्बर्टाच्या वीजजाळ्यावर ताण आहे, गरज नसलेली वीज ताबडतोब बंद करा. गॅरेजचा हीटर बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत उणे ६ होतं, आणि बायकोच्या गाडीची ३९ ची ३६ झाली होती. हिशेबाप्रमाणेच, त्यामुळे काही केलं नाही.

३० जानेवारी

सकाळीच अधिक ४, दुपारी अंगातली जॅकेटं उतरली. अडीच आठवड्यांत जवळजवळ पन्नास अंशांचा फरक. माझी चारही ३९. ही ऊब टिकणारी दिसतेय आणि सहा जास्त म्हणजे टायर मधोमध फुगून घासणार, म्हणून सकाळीच ३५ वर आणल्या. बायकोच्या गाडीच्याही ३६ केल्या. लाटेत जास्त भरणाऱ्याने ही नोंद विसरू नये. भरणं लक्षात राहतं, सोडणं राहत नाही.

२७ फेब्रुवारी

उणे २०. चारही ३१. लाट येणार म्हणून काल भरायला हवी होती ती आज भरली, ३३.

याच निमित्ताने स्टेपनी काढली. त्या बारक्या टायरवर ६० पीएसआय लिहिलेलं असतं, निघाली ३८. डिकीच्या तळाशी, सामानाखाली, कोण बघतो? ४०० किलोमीटरच्या प्रवासात मध्ये पंक्चर झालं असतं तर या स्टेपनीवर पुढचं गावही आलं नसतं. छोट्या कॉम्प्रेसरने ६० पर्यंत न्यायला बराच वेळ लागतो आणि तो तापतो, म्हणून मध्ये थांबून भरली. यापुढे स्टेपनीला ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा दोन तारखा.

२० एप्रिल

उन्हाळी टायर चढवले. त्यांच्यात सेन्सर आहेत. हवा भरून थोडं चालवल्यावर दिवा गेला. सकाळी अधिक ५ ला ३३.

हिवाळी चाकं धुतली, मीठ काढलं, खडूने जागा लिहिल्या आणि तळघरात ठेवली. धुताना पुढच्या उजव्या रिमच्या आतल्या कडेला तशीच पांढरी भुकटी दिसली. अजून गळत नाही, पण पुढच्या हिवाळ्यात गळेल. त्या दुसऱ्या दुकानात सप्टेंबरची वेळ आत्ताच घेऊन ठेवली आहे; पहिला बर्फ पडला की त्यांच्याकडे तीन-तीन आठवडे नंबर लागत नाही.

सगळा खर्च, टायरचा संच सोडून: कॉम्प्रेसर ६०, गेज २०, रिमची दुरुस्ती ४५, टोप्या ३, पिन आणि किल्ली ४, पंपाच्या यंत्राने गिळलेले २. एकूण १३४ डॉलर. रिमचं काम पुन्हा करायचं झालं तर आणखी ४५ धरा.